ठिकाण

चिलोए बेटावरची आमची शाळा. संगणक चार, मुलं अकरा,
आणि म्हाताऱ्या आर्देलियोच्या बिस्किटांच्या डब्यातले
स्कॅन करून घेतलेले तीनशे फोटो.
नियम मी फळ्यावर लिहिलाय:
दिसतं तेवढंच लिहा.
वाटतं ते वहीत.

एकवीसपर्यंत सरळ गेलं.
मेंढी, एक. बाई, अनोळखी. कुंपण, मोडकं.
फ्लोरिंदाने तर सावल्याही मोजल्या,
फोटो काढणाऱ्याची धरून तीन.

बाविसावं चित्र उघडलं
तर समुद्रात घर.
लाकडी, दुमजली, खालचा मजला अर्धा पाण्यात.
पुढे होडी, होडीला दोर, दोराला घर,
आणि वरच्या खिडकीत पडदा जसाच्या तसा.

“पूर आलाय,” धाकटा एलिसेर म्हणाला.
“पूर कसला! घर हलवतायत,” नेउएन म्हणाला.
“माझ्या आजोबांनी ओढलीयेत अशी.
आधी बैल, मग भरतीची वाट बघायची, मग होडी.
मग सगळ्या गावाला जेवण.”
“आजोबा दिसतायत का फोटोत?”
“नाही.”
“मग लिहू नकोस. बाईंचा नियम आहे.”

शीर्षक झालं, वर्णन झालं.
इमारत म्हणायची की वाहन, यावरून
दोघींनी अबोला धरला.
ठिकाण तेवढं राहिलं.
निघालं ते गाव लिहावं, तर घर तिथे नाही.
जायचं ते लिहावं, तर अजून पोचलेलं नाही.
समुद्र लिहावं, तर फ्लोरिंदा विचारते,
समुद्र म्हणजे कुठे?
मोकळंच सोडलं, तर संगणक हटून बसला.
लाल चौकट. जतन होत नाही.

नेउएन पडद्याला नाक लावून बघत होता,
खिडकीच्या नव्हे, संगणकाच्या.
भिंतीच्या फळ्यांवर, पाण्याच्या जरा वर,
एक काळपट ओली रेघ.
त्याने सावकाश एकेक अक्षर दाबलं: भरती.

अरे, ही तर वेळ झाली, ठिकाण नव्हे,
असं म्हणायला मी तोंड उघडलं
तोवर चौकट हिरवी.
जतन झालं.

तेवीस.
बैल, सहा जोड्या, गुडघाभर चिखलात.
दोर ताठ,
त्याचं दुसरं टोक फोटोबाहेर.
“बाई,” एलिसेर विचारतो,
“ओढतायत काय, ते लिहू?”

मी फळ्यासमोर उभी आहे,
नियम झाकला जाईल अशी.