सातवी फळी

मंगळवारी साडेनऊला पत्र्याच्या शेडपाशी
आम्ही जमतो : मी, ब्रायनी, ओसवाल्ड थर्टल,
आणि तो पोरगा, केस्टर, ज्याला कोर्टाने
ऐंशी तास फुकट राबायला पाठवलं होतं.
ते ऑक्टोबरातच संपले. तो अजून येतोय.
का, ते आम्ही विचारत नाही.

रबरी बुटांच्या ढिगात डाव्याला उजवा
सापडेपर्यंत हात गारठतात.
ब्रायनी वाटून देते विळे, करवती, दाताळी
आणि आल्याची बिस्किटं, मोजून दोन-दोन.

नॉरफोकचा जानेवारी. आभाळ इतकं खाली
की उठून उभं राहताना डोकं सांभाळावं.
चरांवर काचेइतका पातळ बर्फ.
बोरूचं रान उभं, वाळलेलं, गव्हाळ,
वारा आला की
शेजारच्या खोलीत कुणी कागद आवरतंय.

कापायचं. एक पट्टा यंदा, लगतचा पुढल्या साली,
तिसऱ्याला हात लावायचा नाही,
त्यात कुणीकुणी झोपलेलं असतं.
न कापलं तर बोरू स्वतःच्याच पाचोळ्यावर चढतो,
पाचोळ्यावर वाळुंज, वाळुंजाखाली कोरडी जमीन,
आणि वीस वर्षांत एक साधंसं जंगल,
ज्याला कुणी वाईट म्हणणार नाही.
म्हणून वाळुंज बुडातून कापतो
आणि पत्र्यावर पेटवतो, खालची माती पोळू नये.

"झाडं तोडून राखता तरी काय?"
पायवाटेवरची बाई कुत्र्याचा पट्टा आवळत म्हणाली.
"पाणी," थर्टल म्हणाला.
दिवसभरात तो बोलला तेवढंच.

मी खाली बघितलं.
पाणी हाकलायचा पगार घेतलाय मी, तीस वर्षं.
ड्रेनेज बोर्डाची हिरवी गाडी, माझे पंप, माझे चर.
हा सरळ, तो काटकोनातला,
त्याबद्दल भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
अजून चालतं, पाच मिनिटं पुढे.
इथे बटाटा पिकवायचा होता.
पिकला. मग काळी माती वाळून वाऱ्यावर उडाली
आणि गावभरच्या दोऱ्यांवरचे कपडे पुन्हा धुवावे लागले.
माझ्या बायकोनेही धुतले, एक शब्द न बोलता,
म्हणजे सगळं बोलून.

तापस तेव्हाच गेला.
जाताना कुणी पाहिला नाही. असतानाही दिसत नसे,
चोच आभाळाला लावून, बोरूत बोरू होऊन उभा.
फक्त मार्चातल्या रात्री, रिकाम्या पिंपात
कुणी फुंकल्यासारखा आवाज यायचा,
आणि एका मार्चात आला नाही.
मी म्हटलं, पंपाच्या घरघरीत ऐकू येत नसेल.

आज जेवणानंतर जुन्या मोरीच्या तोंडाशी गेलो.
ओकच्या फळ्या खाचेत एकावर एक, सहा.
सातवी केस्टरच्या खांद्यावर.
"कशी बसवू?" तो मलाच विचारतो,
कारण खाच माझ्या हातची,
तेव्हा उलट्या कामासाठी पाडलेली.
गाठ वरच्या अंगाला घे, म्हटलं,
नाहीतर फुगली की फाटते.
तो मांडीभर पाण्यात. हातोड्याचे चार ठोके.

पाणी थबकलं.
तासाभराने बोटभर चढलं
आणि फळीपाशी घुटमळत राहिलं,
घालवून दिलेला माणूस उंबऱ्याशी थांबतो तसं,
आत बोलावलंय ते खरं का, बघत.

थर्टल राखेवर बादल्या ओततोय.
ब्रायनी विळे पुसून मोजतेय, एक कमी, पुन्हा मोजतेय.
केस्टरने चहा संपवला आणि सहज,
पोरं करतात तसं,
थर्मासच्या तोंडावर फुंकर मारली.

लांब, बसका हुंकार
पाण्यावरून पलीकडे गेला.

ब्रायनीचं मोजणं थांबलं.
थर्टलची बादली हवेत.
मी मोरीचा कठडा धरला.

पलीकडून काही आलं नाही.
जानेवारीच आहे अजून.
"परत कर," मी म्हटलं.