निधान

जांबोटीच्या वरल्या अंगाला, गवळ्यांच्या वस्तीत,
पहाटे पावणेतीनला यंत्र म्हणतं: फार थंड आहे.
सोळा अंशांखाली ते बोलत नाही.
बमू येडग्याची सगुणा ते माझ्या हातातून काढून घेते,
पदराखाली पोटाशी धरते,
चुलीपुढे बसते खुडूक कोंबडीसारखी.
इरय्या हसतो. मी नाही.
कार्ट्रिज एकच उरलीय, तिची मुदत परवा संपते.

रेडकू चार दिवसांचं. दोन दिवस पाण्यासारखी हगवण.
डोळा इतका खोल गेलाय
की पापणीशी माझ्या करंगळीचं टोक मावतं.
मानेची कातडी चिमटीत धरून सोडली,
सहा मोजले तरी तशीच उभी.
तोंडात बोट घातलं. गार. चोखत नाही.

"नर हाय," बमू म्हणतो, मी न विचारलेलंच.
"पर ह्येच्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई."
दाव्याला म्हैस. आमच्याकडे बघत नाही,
एक कान तेवढा इकडे.

मानेच्या शिरेतलं काळपट रक्त. दोन-तीन थेंब.
यंत्राला सगुणाची ऊब अजून आहे.
दोन मिनिटं.

पीएच सात पूर्णांक शून्य आठ.
रक्त आंबलंय, हे झालं.
आता कुणी आंबवलं ते: श्वासानं की आतड्यानं?
कार्बन डायऑक्साइड अडतीस. कमीच.
म्हणजे फुप्फुसांवर आळ नको,
ती बिचारी कालपासून दुसऱ्याचं निस्तरतायत,
म्हणून तर एवढी धाप.
बायकार्बोनेट अकरा.
जे हरवलं ते हगवणीबरोबर गोठ्याच्या चरात गेलं.
बमूला काय सांगू?
"रक्ताचं ताक झालंय," म्हणते.
तो मान हलवतो. ताक त्याला कळतं.

तळहातावर पेनाने:
छत्तीस किलो, तूट सतरा, त्याच्या निम्मे.
तीनशे सहा.
म्हणजे सव्वीस ग्रॅम सोडा, दोन लिटर निर्जंतुक पाण्यात.
तेरा-तेरा ग्रॅमच्या पुड्या आहेत पेटीत,
खानापूरच्या सोनाराकडून तोलून आणलेल्या.
तो अजून विचारतो, मॅडम, ह्याचा दागिना कसला?

मागच्या पौषात नंदगडला मी मोजलं नव्हतं.
यंत्र नव्हतं. अंदाज होता, घाई होती.
भराभर सोडला सोडा;
पोटॅशियम रक्तातून पेशींत पळालं असणार,
वासराने मान टाकली.
मालकिणीने तरी चहा केला.
मी तो प्यायले.

इरय्या बाटली आढ्याला टांगतो, चाकी आवळतो.
"निधान," म्हणतो. "निधान, मेडम."
त्याच्या कन्नडात: सावकाश.
माझ्या मराठीत: ठेवा, जमिनीत पुरलेला.
बारा वर्षं एका जीपमध्ये,
हा शब्द आम्ही एकमेकांना कधी समजावला नाही.
थेंब पडतो.
पंधरा सेकंदांत किती, गुणिले चार.

पहिली बाटली संपताना धाप उतरते.
पाय गारच.
दुसरीबरोबर थोडं ग्लुकोज जोडते.
साडेचारला खाली रस्त्यावरून
गोव्याला जाणारा भाजीचा ट्रक वळतो,
त्याचा उजेड कुडावरून, म्हशीवरून, आमच्यावरून सरकतो
आणि सलाइनची नळी क्षणभर चमकते.
सगुणा यंत्र पुन्हा पोटाशी घेऊन झोपलीय.
आता त्याचा उपयोग नाही, मी मागत नाही.

कानाचं टोक कोमट.
बोट पुन्हा तोंडात:
जीभ चाचपते, वळते, विसरते,
मग एकदम धरते.
मी बोट काढत नाही.
म्हैस आता पुरती वळलीय.

पाच चाळीस. रेडकू मागचे पाय उचलतं, पडतं,
पुन्हा उचलतं,
आणि उभ्या उभ्या माझ्या बुटावर मुततं.
इरय्या वहीत वेळ टाकतो.
बमू वाकून बघतो. "ह्येबी लिवायचं असतंय?"
"हेच," म्हणते मी, बूट न हलवता.