नदीच्या नावे

माझे वडील ह्याच टेबलावर बसायचे.
कीर्द त्यांच्या हातची. अक्षर तिरपं,
एकही आकडा खोडलेला नाही.
सूत, मीठ, सोडा, निळा रंग, काळा रंग,
कस्टमच्या साहेबाला दिलेली वाइनची बाटली,
गणवेशाची बटणंसुद्धा आहेत.
नदी नाही.
चाळीस वर्षं आव नदी खिडकीखालून गेली
आणि वहीत एकदाही आली नाही.

पॅरिसला यंदा काय चालणार
हे आमची पोरं पुलावरून सांगायची.
पाणी लाल, म्हणजे लाल.
एका वर्षी तपकिरी चाललं होतं, तेव्हा
लोकांना वाटलं, नदी सुधारली.

देओलिंदा साल्गेइरु मालकीण झाली
त्या हिवाळ्यात गॅसचं बिल आलं.
बाजारात खेकडा उलटा करून बघावा
तसं तिनं ते उलटून पाहिलं
आणि मला मागच्या दाराशी नेलं.
गटारातून वाफ निघत होती.
"अदेरितु, हे साठ अंशाचं पाणी
आपण पैसे मोजून तापवलंय."

एवढंच म्हणाली.
पृथ्वीचं नाव नाही, नातवंडांचं नाही.

मग पोर्तूहून नळ्या आल्या, पत्रे आले, कर्ज आलं.
आता जाणारं गरम पाणी येणाऱ्या गार पाण्याला
निरोप घेताना हात हातात घ्यावा
तशी ऊब देऊन जातं.
बिल एक तृतीयांशानं उतरलं.
मी तीनदा बेरीज केली.
वडिलांचा मुलगा आहे, चौथ्यांदाही केली.

झुल्मिरा बाळंतपणानंतर काम सोडणार होती.
छटा डोळ्यांनी ओळखणारी बाई,
यंत्राच्या आधी सांगायची, "पिवळा कमी आहे."
मी हिशेब मांडला:
नवा माणूस तयार व्हायला सात महिने,
आणि तोवर बिघडणारं बाराशे मीटर कापड.
मांजरपाटाचं जुनं कोठार रिकामं केलं,
भिंतींना चुना दिला, चार पाळणे, एक दाई.
त्या वर्षी कोणी काम सोडलं नाही.
कोठाराचा खर्च ऑगस्टपर्यंत वसूल.

पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात तिचं नाव घेतलं.
ती मागच्या बाकावर खाली मान घालून हसली.
बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाली,
"गॅसच्या कंपनीचं नाव घ्यायला हवं होतं त्यांनी."

मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू.
चांगलं वागून पैसे सुटतात
तेव्हा हिशेबनिसाला रात्री झोप लागते.
पण झोपेच्या अलीकडे एक कोपरा खुपतो:
आणि नाही सुटले तर?

तो दिवसही आला.
तिसरी गाळणी. उरलेलं मीठ आणि तो काळपट अंश
नदीत जाऊ न देणारी.
कायद्याला तिची गरज नव्हती,
स्वीडनच्या गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं.
मी कागद तिच्यासमोर ठेवला:
वीस वर्षं चालेल, एक सेंटही परत येणार नाही.

तीन संध्याकाळी तो कागद तिथंच पडून होता.
पहिल्या दिवशी तिनं त्यावर कप ठेवला.
दुसऱ्या दिवशी चष्मा.

तिसऱ्या दिवशी खाली कोठारात
झुल्मिराचा पोरगा नदी रंगवत होता, निळी.
म्हातारा कुश्तोदियु, कोपरापर्यंत कायमचा जांभळा,
वाकून म्हणाला, "निळी? ती सोमवारी असायची."
पोराला विनोद कळला नाही.
देओलिंदाला कळला. हसली मात्र नाही.

वर येऊन तिनं सही केली.
मी विचारलं, "कुठल्या खात्यात लिहू?
गुंतवणूक म्हणता येत नाही. दान म्हणू?"

"दान कसलं," ती म्हणाली.
"नदीचं खातं उघड.
पहिल्या ओळीत लिही, मागील बाकी."

"किती?"

तिनं खिडकीतून खाली पाहिलं.
पाण्याला कुठलाच रंग नव्हता.
दगड दिसत होते, आणि त्यांच्या कडेला अजून
जुन्या लाल हंगामाची एक रेघ.

आकड्याची जागा मी कोरी सोडली आहे.
पेन्सिलीनं एक टिंब ठेवलंय तिथं.
माझ्या वहीतलं पहिलंच.