उत्तर फाटकाची पाटी

जूनमध्ये घाटातला बर्फ हटला
की मी आणि मार्ला शिडी घेऊन निघतो.
माँटानाच्या वरच्या अंगाला
रस्ता लार्चच्या झाडांत शिरतो, तिथं
दोन ओंडके उभे, एक आडवा,
आडव्याला साखळ्यांनी टांगलेली पाटी.
बोटाच्या पेराएवढी खोल अक्षरं.
पिवळ्या रंगात ब्रश बुडवून
दरवर्षी मी तीच गिरवते.
बावीस वर्षं झाली, पहिलीतच आहे.

खालची डावी कड कुरतडलेली.
फोटो काढताना लोक नेमका तिथंच हात ठेवतात.
ओहायोचा कोणी, पेंगुळलेल्या मुलांना दामटून उभं करणारा;
एक म्हातारी, जिला गाडीतून उतरवायला दोघं लागले
आणि उतरल्यावर जिनं दोघांनाही बाजूला सारलं.
घाम लाकडात मुरतो.
रात्री साळिंदर येतं,
मागच्या पायांवर उभं राहतं,
तेवढीच जागा चाटतं, कुरतडतं.
मार्ला म्हणते, तिखट फासू या.
मी म्हणते, राहू दे.
खाल्ल्या मिठाला रात्रभर जागणारं
दुसरं कोण आहे आपल्या खात्यात?

यंदा एक कडी झिजून गेली,
म्हणून पाटी अख्खी खाली घेतली.
मागं ठोकलेली डांबरी फळी सैल होती,
ती निघाली.
आत चाकूनं कोरलेलं, बारीक:
एल्डन कोव्हार, नेब्रास्का, छत्तीस साल.
मग महिने, एकाखाली एक.
घरी पंचवीस. मला पाच.
घरी पंचवीस. मला पाच.
असं नऊ वेळा.
दहाव्या ओळीत नुसतं ‘घरी’.
पुढं आकडा नाही.

गेला असेल.
किंवा पाठवायला तिकडं कोणी उरलं नसेल.
किंवा नुसता जेवणाचा भोंगा झाला असेल
आणि चाकू मिटावा लागला असेल,
एकोणीस वर्षांच्या पोराला भूक केवढी असते.

मार्लानं ब्रश पुढं केला.
मी डब्याचं झाकण लावलं.
ही अक्षरं माझी गिरवायची नव्हती.

साखळी नवी घातली, फळी परत ठोकली नाही.
बाहेर पडणाऱ्या गाड्यांना तशीही ती दिसत नाहीत.
अक्षरं लहान,
आणि परतीच्या माणसाला घाई असते.

आज सकाळी मात्र
शेवटच्या पाचाशेजारी
दातांच्या ताज्या खुणा.

आणि मी तर ती पाटी
हातमोजे घालूनच उचलली होती.