दिवस मावळायच्या आत

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं,
पातळ काही द्यायचं नाही,
पाणीसुद्धा नाही. ठसका फुफ्फुसात जातो.
मधासारखं हवं.
चमचा कलता केला की ओघळावं,
पण घाई करू नये.

एकतीस वर्षं मी मार्केट यार्डात हळद तोलली,
समडोळीहून सायकलनं जाऊन येऊन.
काट्याआधी हाताला कळायचं
पोत्यात किती आहे आणि किती ओल आहे.
आता ओट्यापाशी उभा राहून बघतो
मुगाचं वरण
पडतंय की ओघळतंय.

तुझ्या माहेरचं पुरणयंत्र
वर्षातून चारदा फळीवरून खाली यायचं.
आता रोज.
भोपळा फिरवतो, दोडका फिरवतो,
मऊ भात आधी हातानं, मग यंत्रातून.
दोडक्याच्या शिरा जाळीवर राहतात,
त्या मी मीठ लावून उभ्याउभ्या खातो.
तेच माझं जेवण असं समजू नकोस,
सून डबा पाठवते.

परवा तिनं भडंग पाठवलं, तुझ्या पद्धतीचं, बिनलसणाचं.
झाकण काढलं तसा वास तुझ्या खाटेपर्यंत गेला
आणि तुझ्या ओठाचा डावा कोपरा हलला.
उजवा आता हलत नाही.
मग काय, भडंग मिक्सरला लावलं,
दुधाच्या गाळणीनं दोनदा चाळलं,
घट्ट ताकात कालवलं.
मातकट रंगाचं काहीतरी झालं.
तीन चमचे खाल्लेस
आणि माझ्याकडं अशी बघितलीस
जसा मी बघितलो होतो तुझ्याकडं
लग्नानंतरच्या पहिल्या आमटीला.

बाकी सगळं जमतंय, चंपा.
सूर्य तेवढा जमत नाही.

बेचाळीस वर्षं तू दिवस मावळल्यावर
तोंडात काही घातलं नाहीस.
सुकुमारच्या लग्नात नाही.
पुराच्या वर्षी शाळेत राहिलो,
जेवणाचा टेम्पो सातला आला, तेव्हाही नाही.
तेव्हा दहा मिनिटांत जेवून उठायचीस.
आता एका वाटीला पाऊण तास,
आणि मार्गशीर्षातला सूर्य
सहाच्या ठोक्याला उसात शिरतो.
निम्मी वाटी उरते. तू ओठ मिटतेस.

आजारात सूट असते,
महाराजांनी दारात येऊन सांगितलं.
तू हात जोडलेस, म्हणजे एकच हात,
दुसरा मी धरून लावला त्याला.
आणि ओठ मिटलेस.

काल मी घड्याळ वीस मिनिटं मागं घेतलं.
पश्चिमेच्या खिडकीवर सतरंजी टाकली,
वारं येतंय म्हणालो.
ट्यूब दुपारपासूनच लावलेली.
एकतीस वर्षांत काट्याला बोट लावलं नव्हतं,
दलालांनी चहा पाजले, एकानं तर सोनं दाखवलं,
नव्हतं लावलं.

चमचा पुढं केला.
बाहेर चिंचेवरच्या साळुंक्या भांडभांडून
कधीच गप्प झाल्या होत्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.
तू घड्याळाकडं बघितलंस.
मग सतरंजीकडं.
मग माझ्या बोटांकडं, बराच वेळ.
आणि तोंड उघडलंस.

एक चमचा.
गळ्यातली घाटी वर गेली,
थांबली,
खाली आली.
मग ओठ मिटलेस, रोजच्यासारखे.

उरलेलं वरण मांजराला घातलं.
सतरंजी काढली तर खिडकीत चांदणी.
घड्याळ पुढं केलं, वीस मिनिटं,
वर आणखी पाच गेली असतील अंदाजानं.

आज मूग लवकर भिजवलेत.
कुकर तीनलाच चढवलाय,
दुसरी शिट्टी झाली.
आतून तू चमचा खाटेच्या दांड्यावर आपटतेस,
टक, टक.
भूक लागली म्हणतेस
की किती वाजले विचारतेस,
मला अजून नीट कळत नाही.
आलो, म्हणतो.
दोन्हीला तेच उत्तर चालतं.