जास्तीचा एक दिवस

भिंतीला आधी ओल आली, मग शेवाळ,
मग एका रात्री दोन वाजता
सगळे नळ बंद असताना
पाण्याच्या मीटरचा काटा फिरताना दिसला.
टॉर्च घेऊन, उकिडवी बसून पाहिला मी.

प्लंबरचा पोरगा म्हणाला, मॅडम, सगळंच खणावं लागेल.
सगळंच म्हणजे पोर्च, शहाबादी फरशी,
सोनटक्क्याचा वाफा,
आणि गेटबाहेर गेल्या वर्षी बसवलेले पेव्हर ब्लॉक,
ज्यांच्याखाली आमची चावी झाकणासकट गडप झाली.
नकाशा आहे का, म्हणाला.
सहकारनगरात एकतीस वर्षं राहते मी.
पहिल्या महिन्यापासूनची लाइट बिलं आहेत, पंच करून, सालवार.
नकाशा नाही.

तेव्हा समोरचे तुंगारे मशीन घेऊन आले.
दापोडीला सॅपर्समध्ये होते.
सरहद्दीवर काय शोधायचात, असं विचारलं
तर म्हणतात, लोखंड,
आणि चहाची बशी सरळ करतात.
हे मशीन मात्र हौसेचं, घरपोच मागवलेलं,
सुनेने नाक मुरडलेलं.
कानाला हेडफोन, पायात कॅनव्हासचे बूट,
आणि पाऊल असं टाकतात
की सोनटक्क्याचं एक पान मोडलं नाही.

टुंग. खिळा.
टुंग. सोड्याच्या बाटलीचं बूच.
टुंग टुंग. चमचा,
ज्याच्या सेटमधले पाचच माझ्याकडे आहेत.
गेटबाहेर मशीन केकाटलंच:
दोन ब्लॉक उचलले, खाली बिडाचं झाकण,
झाकणाखाली चावी, हिरवी पडलेली.
प्लंबरच्या पोराने मोबाइलवर फोटो काढला.

तिथून घरापर्यंत मात्र काहीच नाही.
प्लास्टिकचा पाइप, तुंगारे म्हणाले, ऐकू येत नाही.
थांबले.
आमच्यात प्लास्टिकचीच भीती असायची.

मग वाफ्याच्या कडेला, अगदी बारीक,
डास गुणगुणावा इतकंच काहीतरी.
त्यांनी हात वर केला, आम्ही गप्प झालो;
समोरचा रिक्षावालासुद्धा.
चार पावलांवर पुन्हा.
आणि तिसऱ्यांदा भिंतीशी, ओलीपाशी.

दीड फूट खणलं.
घोड्याचा नाल.
सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला,
पाइपच्या एल्बोला तारेने आवळून बांधलेला.
हे कोणी केलं, पोरगा म्हणाला,
असं कोण करतं?

मला ठाऊक होतं.

हसन मुलाणी. पानमळ्यातून सायकलवर यायचा,
कॅरिअरला पान्हे, दांड्याला डबा.
पाइप पहिल्याच दिवशी टाकून झाला होता.
दुसऱ्या दिवशी बघते तर खड्ड्यात पाय सोडून बसलेला,
शेजारी तीन नाल,
भावाने टांगा विकला तेव्हा उरलेले.
म्हणाला, बाई, वळणावर खूण पाहिजे.
पाइप कुठं वळला, ते माती सांगत नाही.
मला वाटलं, रोज वाढवतोय.
मी एकाच दिवसाचे पैसे दिले,
वर सुनावलं, आम्हालाही हिशेब येतो.
त्याने नोटा मोजल्या, खिशात घातल्या,
आणि राहिलेला तिसरा नाल बांधायला
पुन्हा खड्ड्यात उतरला.

गळती त्या तिसऱ्याच वळणावर होती.
पोराने एल्बो बदलला,
नाल हातात घेऊन म्हणाला, भंगारात टाकू?
तुंगाऱ्यांनी तो काढून घेतला,
गुडघे टेकले (गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं)
आणि नव्या तारेने बांधला, तिथेच.

दोन वाजता पुन्हा उठले. काटा जागचा हलला नव्हता.
झोप आली नाही.
मग एका जुन्या लाइट बिलाच्या पाठीवर नकाशा काढला:
चावी. सात पावलं. पहिला नाल. चार पावलं. दुसरा.
भिंत. तिसरा.
मुलाणीचं नाव कुठे लिहावं, कळेना.
खाली कोपऱ्यात ठेकेदाराचं लिहितात, तिथे बरं दिसेना.
शेवटी वळणावरच लिहिलं,
तिन्ही.