उलटा तळवा

गाडी बुक केली तेव्हा वाटलं,
पैसे भरले की झालं.
पण मुलुंड पूर्वेला, शिल्पायन सोसायटीत,
मीटररूमपासून सात नंबरच्या पार्किंगपर्यंत
अडतीस मीटर केबल जायची होती,
आणि जायची होती
आजगावकरांच्या बेडरूमच्या खिडकीखालून.

आजगावकर एक्क्याऐंशीचे.
तेहतीस वर्षं अग्निशमन दलात.
सभेत सगळे बोलले. भिंत कोण रंगवणार,
उद्या प्रत्येकाने मागितलं तर काय.
ते शेवटी उठले. म्हणाले,
"मी वायरी जळताना पाहिल्यात. तुम्ही नाही."
आणि बसले.
ना-हरकत पत्राला पाच महिने लागले.

डाबरे वायरमन वसईहून सकाळी सातला हजर.
अनंताच्या झाडाजवळ त्याने खड्डा खणला, अर्थिंगचा.
तांब्याची पट्टी उभी केली, भोवती
मिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ.
आई गॅलरीतून बघत होती.
"दृष्ट काढतोय का गं तो?"
मी म्हटलं, जवळजवळ.
आजगावकर खुर्ची टाकून खड्ड्याच्या काठाशी.
सगळं परत उपसायला लावलं.
"अजून खोल," म्हणाले.
डाबरे काही न बोलता अजून खोल गेला.

भांडुपच्या शोरूममध्ये तिच्यावर लाल साटीन होतं.
ते ओढायला लावलं,
दाराएवढी पुठ्ठ्याची चावी हातात देऊन फोटो काढला,
मग चावी परत घेतली, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.
चाकाखाली लिंबू फुटलं.
तेवढाच आवाज.
मी दोनदा विचारलं, सुरू झाली का?
शोरूमचा मुलगा हसला,
"मॅडम, तुम्ही चालवताय."

गेटवर रामसमुझने मान वर केलीच नाही.
जुन्या गाडीचा खोकला तो कोपऱ्यावरूनच ओळखायचा
आणि मी वळेपर्यंत गेट उघडं असायचं. एकोणीस वर्षं.
आज हॉर्न वाजवावा लागला,
स्वतःच्याच दारात.
(ती भंगारात गेली तेव्हा टाकीत थोडं पेट्रोल उरलं होतं.
त्याचं काय केलं असेल, कोण जाणे.)

रात्री प्लग लावला. टक्.
हिरवा दिवा. अठ्ठावीस टक्के.
सकाळी साडेपाचला पूर्ण भरेल, असं तीच सांगते.
वर आले, पण झोप कसली.
पंपावर निदान एक माणूस समोर असायचा,
"झीरो बघा, मॅडम."
इथे मी डोळे मिटणार
आणि ती अंधारात पीत राहणार,
मोजायला कोणी नाही.

साडेअकराला पुन्हा खाली उतरले.
भिंतीशी आजगावकर. लुंगी, बनियन, तोंडात टॉर्च.
हाताचा तळवा उलटा करून
केबलवरून नेत होते, क्लॅम्पपाशी थांबत,
पुढे सरकत, पुन्हा थांबत.
मला बघून दचकले नाहीत.
टॉर्च काढून म्हणाले,
"बंद दारामागे आग आहे का, ते असंच बघायचं.
मागच्या बाजूने.
तळवा भाजला तर आतल्या माणसाला धरायचं कशाने?"
मग, "गार आहे," म्हणाले
आणि चपला वाजवत गेले.

तेव्हापासून रोज.
मी चौथ्या मजल्यावरून टॉर्चचा ठिपका बघते,
मीटररूमपासून सातपर्यंत,
आणि तो विझला की आडवी होते.
आम्ही यावर कधी बोललो नाही.
जिन्यात भेटले तर पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करतात.

एप्रिलमध्ये ते लेकीकडे गेले, डोंबिवलीला, पंधरा दिवस.
पहिल्याच रात्री साडेअकराला फोन.
"बघितलंस?"
लिफ्ट बंद. चार मजले, गाऊनवरच, फोन कानाला.
हात उलटा केला.
"कोमट लागतंय, काका."
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"भिंत की वायर?"

मी आधी भिंतीला हात लावते,
मग केबलला,
मग परत भिंतीला.